नमुन्याची केस

मंगळवार, ८ जुलै
कॉलेज रोड, नाशिक

वहिनी,

गेल्या बुधवारी आई बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "मनाली इचारत होती, त्या सरकारी विद्यापीठात एमबीए कसं असतं म्हणून." मी म्हटलं, तिला सांग फोन कर. तर म्हणाली, "ती नाय करायची फोन. तू लिहून दे, मी नेते." पाच महिन्यांत तू पाठवलेला हा पहिला निरोप, तोही चौकशीचा. असो. तू मला ब्लॉक केलंयस, दादा माझं नाव काढत नाही, तेव्हा आई आपली पोस्टमन. उद्या तिची भाजी विकून झाली की हे पत्र पिशवीत टाकेन. तिला वाचता येत नाही तेच बरं आहे.

तू सीईटी दिलीस हे मला माहीतच नव्हतं. चौऱ्याहत्तर पर्सेंटाइल म्हणे. अभिनंदन. मला एकाहत्तर होते. दादाला सांगितलंयस का, की नेहमीसारखं गपचूप?

आता कामाचं. आमच्या विभागात साठ जागा. खासगी कॉलेजांच्या मानाने फी नावापुरती, म्हणून गर्दी फार. साठातले निम्मे तालुक्यांतून आलेले, बाकीचे शहरातले. दोन वर्षं, चार सत्रं. कायमचे शिक्षक चार, बाकीचे बाहेरून तासाला येतात. बाहेरचे लोक नोकरी करून येतात, त्यामुळे त्यांचा तास कधी संध्याकाळी सहाला, कधी रद्द, आणि रद्द झालेला कळतो तू बसमधून उतरल्यावर. वर्गात आलिशान खुर्च्या, काचेची केबिन वगैरे डोक्यात असेल तर काढून टाक. बाकं आहेत, पंखे आहेत, प्रोजेक्टर आहे आणि तो चालू करायला एक ठरावीक मुलगा लागतो.

हजेरी पंचाहत्तर टक्के. ती मोजतात. मळ्यातली कामं, घरचं, पाव्हणेरावळे आणि वर हे, जमणार आहे का तुला? मी आता कॉलेज रोडला दोघींबरोबर खोली घेऊन राहते, तरी माझी दमछाक होते. तुझ्याने होणार नाही असं म्हणत नाही. पण विचार कर.

आणि ते प्रकरण एकदाच लिहून मोकळी होते. पहिल्या सत्रात प्रत्येकाला एका बंद पडलेल्या धंद्याची केस मांडायची असते. बाकीची पोरं नेटवरून मोठाल्या कंपन्या उचलतात. मी तुमचा 'ताजा मळा' घेतला. मळ्यातली भाजी पिशवीत भरून गंगापूर रोडच्या सोसायट्यांत घरपोच, साठ घरं, अकरा महिन्यांत बंद. का बंद पडला ते मला दिसत होतं आणि मी ते लिहिलं, की गिऱ्हाइकांशी बोलायची ती बायको, तिला सगळं कळत होतं, पण नवऱ्याने तिचं ऐकलं नाही. दादाचं नाव 'श्री. ज्ञ' केलं, तुझं 'सौ. म'. नावं बदलली आणि टेम्पोचा फोटो तसाच ठेवला, त्यावर दादाचा मोबाईल नंबर. वर्गात आपल्याच भागातली चार पोरं. त्या संध्याकाळी स्लाइड गावाच्या ग्रुपवर. दादाला लोकांनी काय काय ऐकवलं ते मला कळलंय. फोटोची चूक माझी. तेवढीच.

आणखी काही विचारायचं असेल तर लिहून पाठव.

रूपाली


मंगळवार, १५ जुलै

वहिनी,

तुझा कागद मिळाला. ना मायना, ना सही, नुसते पाच प्रश्न. शाळेतल्या बाईंसारखे नंबर घालून. आई म्हणाली, "तिनं बसून लिहिलं हां, दोनदा खोडलं." बरं वाटलं मला. तू रागावली असलीस तरी चालेल, पण दोनदा खोडतेस म्हणजे माझ्यासाठी लिहिताना थोडा विचार करतेस.

नावाचं आधी सांगते, कारण तिथे बायका अडकतात. तुझी बीकॉमची गुणपत्रिका सटाण्याची, माहेरच्या नावाची. आधार सासरच्या काकड नावाचं. विवाह नोंदणीचा दाखला लागेल. मध्ये पाच वर्षं शिक्षण बंद होतं, त्याचं शपथपत्र लागेल. खिडकीवर जाशील तेव्हा मूळ कागद आणि तीन-तीन झेरॉक्स घेऊन जा, नाहीतर "उद्या या" ऐकावं लागेल. उद्या गेलीस की साहेब मीटिंगला.

इंग्रजी. पुस्तकं सगळी इंग्रजीत, पेपर इंग्रजीत. शिकवतात मात्र अर्धं मराठी. पेठ तालुक्यातला पुंजा नावाचा एक मुलगा आहे आमच्या वर्गात. पहिल्या प्रेझेंटेशनला उभा राहिला तो दोन मिनिटं नुसता उभा. मला वाटलं आता पोरगा पळतो. आमच्या गायधनी मॅडम शेवटच्या बाकावर बसतात, तिथून म्हणाल्या, "स्लाइड इंग्रजीत राहू दे, तू तोंडाने मराठीत सांग." त्याने त्याच्या भागातल्या आंब्याच्या रोपांचं सांगितलं. आता तोच पुंजा सगळ्यांच्या आधी हात वर करतो. हे मी तुला घाबरवायला लिहायला घेतलं होतं, पण निघालं भलतंच. तरी सगळ्यांचं असं होत नाही.

नोकऱ्यांचं. कंपन्या येतात, पण खासगीत येतात तशा रांगेने नाहीत. सातपूर, अंबडच्या काही, बँका, विमेवाले. बहुतेकांना विक्रीला माणसं हवी असतात. ज्याला गावोगाव फिरायची तयारी त्याला काम मिळतं. उन्हाळ्यातली इंटर्नशिप स्वतः शोधायची, विभाग फक्त पत्र देतो. मी सत्तावीस ठिकाणी ते पत्र घेऊन गेले. सव्विसाव्या ठिकाणी चहा मिळाला, सत्ताविसाव्या ठिकाणी काम.

तुझा पाचवा प्रश्न, पहिल्या आठवड्यात काय करून घेतात. विशेष काही नसतं. भाषणं, ओळखी. तो आठवडा चुकला तरी काही बिघडत नाही.

आता मनातलं सांगू? तू दूरशिक्षणाचा फॉर्म भर. घरबसल्या होईल, हजेरीची कटकट नाही, पदवी पदवीच असते. किंवा थोडे पैसे जास्त गेले तरी एखादं खासगी बघ, तिथे निदान चकचकीत तरी असतं. आमच्याकडे येऊन तुझी निराशा होईल. शिवाय गावातली पोरं आहेतच वर्गात, पुन्हा तोंडाला तोंड. तुला ते नको असेल असं मला वाटतं.

कॉलेजांचे पर्याय भरायची शेवटची तारीख २५ जुलै, शुक्रवार. लक्षात ठेव. म्हणजे भरायचंच असेल तर.

रूपाली


बुधवार, २३ जुलै
बाजारात, आईशेजारी बसून

वहिनी,

हे वहीच्या पानावर लिहितेय. आई मेथी-कोथिंबिरीवर पाणी मारतेय आणि मला म्हणतेय, "घरी जाऊन लिही ना निवांत." निवांत लिहायला वेळ नाही. आई निघायच्या आत हे संपवायचंय.

आत्ता आले तर आई म्हणाली, तू आमच्या विभागाचं नाव यादीतून काढलंस. मी म्हटलं, का? तर म्हणाली, "ती म्हणली, रूपालीताई भांडकुदळ हाय पण खोटं नाय बोलायची. ती नको म्हणतीय तर नसंल बरं." आई हे मला कौतुकाने सांगत होती. मला खाली मान घालून बसावं लागलं.

वहिनी, मी खोटं बोलले. दोन्ही पत्रांत.

पहिल्या आठवड्यात विशेष काही नसतं हे खोटं आहे. पहिल्या आठवड्यात नव्या मुलांना आदल्या वर्षीची सगळ्यात चांगली केस वाचायला देतात, नमुना म्हणून. सगळ्यांच्या हातात एक-एक प्रत. केस कशी मांडायची, कागद कोणते जोडायचे ते कळावं म्हणून. यंदाची नमुन्याची केस माझी आहे. 'ताजा मळा'. त्याच्या शेवटच्या पानावर संमतीपत्र आहे. धंदा ज्याच्या नावावर असेल त्याने लिहून द्यायचं असतं, की माझ्या धंद्याची माहिती वापरायला माझी हरकत नाही. 'ताजा मळा' तुझ्या नावावर होता. खाली सही आहे मनाली ज्ञानेश काकड. ती मी केली.

तुला विचारायचं मनात होतं. दोनदा गॅसपाशी तुझ्याजवळ येऊन उभी राहिले होते. तू नाही म्हणाली असतीस तर माझी केस गेली असती, म्हणून विचारलंच नाही. आदल्या दिवशी विभागाच्या पायरीवर बसून सही केली. दुसऱ्या पेनाने, जरा तिरकी. फोटोची चूक चूक होती. ही चूक नव्हती, हे मी जाणूनबुजून केलं.

तू आलीस तर पहिल्याच आठवड्यात स्वतःची खोटी सही तुझ्या हातात पडली असती. म्हणून मी बाकं, पंखे, हजेरी, गावची पोरं असलं काय काय लिहीत बसले. तुला निराशा होईल म्हणून नाही. मला पकडलं जायची भीती वाटत होती. तू कागद पाठवलास तेव्हा मला आनंदही झाला होता आणि धडकीही भरली होती, दोन्ही खरं आहे.

परवा शुक्रवारी संध्याकाळी पाचला लिंक बंद होते. तोपर्यंत पर्याय बदलता येतात. आमच्या विभागाचा नंबर पहिला टाक. चौऱ्याहत्तरला लागेल. मी इतके दिवस लिहिलं त्यातलं कागदपत्रांचं तेवढं खरं मान, बाकी सोड.

आई आता उठतेय. तुला हे कोणी वाचून दाखवायची गरज नाही, पण दादाला दाखवायचं असेल तर दाखव. माझी हरकत नाही. आता हरकत घ्यायला मी कोण.

रूपाली


मंगळवार, २९ जुलै

वहिनी,

तुझं काहीच आलं नाही. फॉर्मचं आईला विचारलं तर म्हणाली, "काय माहीत बाई. शुक्रवारी दोघं टेम्पोत बसून गेले कुठं तरी, दुपारी आले." यातून मी काय समजायचं? पण विचारायचा हक्क मी घालवलाय, म्हणून नाही विचारत.

काल गायधनी मॅडमना सांगितलं. सोपं नव्हतं. त्या मला वर्गात "आपली काकड" म्हणतात. मी सगळं सांगितलं, सही केली ते, कोणाची केली ते, आणि ज्यांची केली त्या बहुतेक इथे प्रवेश घेणार आहेत तेही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "त्या येणार आहेत म्हणून सांगतेस, की चुकीचं आहे म्हणून?" मी म्हटलं, मला नीट माहीत नाही मॅडम. त्या म्हणाल्या, "हे तरी खरं बोललीस."

निकाल असा. केस नमुन्यातून बाद, छापायला दिलेल्या सगळ्या प्रती परत मागवल्या. त्या विषयाचे अंतर्गत गुण शून्य. विभागप्रमुखांकडे लेखी माफीनामा. आणि तो विषय पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर बसून पुन्हा करायचा, दर गुरुवारी. विषय राहिलेल्यांना कंपन्या पहिल्या फेरीत बसू देत नाहीत, म्हणजे डिसेंबरची फेरी माझी गेली. पुंजा म्हणाला, "कशाला सांगितलंस? कोण बघणार होतं?" मी उठून खोलीवर आले. रडले मात्र, ते तुला सांगायला लाज नाही.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर देते, सरकारी विद्यापीठात एमबीए कसं असतं. सगळं स्वतः ओढून घ्यावं लागतं. कोणी ताटात वाढत नाही. शिक्षक कमी आहेत, पण जे आहेत त्यांच्या दारात कधीही जाऊन उभं राहता येतं. लायब्ररीतले वाल्मीकभाऊ पुस्तक नसलं तर दुसऱ्याच्या नावावरचं मागून आणून देतात. शेजारच्या बाकावर पेठचा असतो, नांदगावचा असतो, वकिलाची मुलगी असते, सगळ्यांच्या डब्यात हात घालता येतो. मी तिथे गेले नसते तर आयुष्यभर आपल्या मळ्याच्या कडेला उभी राहून मोठमोठ्याने बोलत राहिले असते. चांगलं आहे वहिनी. मला तिथे फार चांगलं वाटतं. हे मी तुला पहिल्या पत्रात लिहायला पाहिजे होतं.

तू माफ कर असं म्हणत नाही. पण मला तुझी आठवण येते. घरात भांडायला माझ्या तोडीचं दुसरं कोणी नव्हतं.

रूपाली


गुरुवार, २१ ऑगस्ट

रूपालीताई,

हे पत्र वाल्मीकभाऊंकडे ठेवतेय, ते तुम्हाला देतील. एका इमारतीत असून पत्र लिहितेय, कारण तोंडावर बोलले तर भांडण होईल आणि मला नीट बोलायचंय. तुमच्यासारखं लिहिता येत नाही मला. समजून घ्या.

प्रवेश झाला ते तुम्हाला कळलंच आहे. आज तासाला तुम्ही दाराजवळच्या बाकावर बसल्या होता, मी खिडकीकडे. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाही. मी बघत होते.

तुम्ही विचारलं होतं, दादाला माहीत आहे का. सीईटीला मला हेच घेऊन गेले होते, टेम्पोतून. पेपर संपेपर्यंत गेटबाहेर थांबले. पंचवीस तारखेला पर्याय बदलायलाही हेच आले. गपचूप काही नव्हतं. तुम्हालाच सांगितलं नव्हतं.

नमुन्याची केस काढून टाकली म्हणून मॅडम म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं, मला वाचायचीय, धंदा माझ्या नावावर होता. त्यांनी दिली. दोनदा वाचली. सहीचं मला वाईट वाटलं, पण तुम्ही स्वतः सांगितलंत, तिथे ते संपलं. केस वाचून जे वाटलं ते अजून संपलं नाही. त्यात मी बिचारी आहे. माझं कोणी ऐकत नाही, मी गप्प बसते, नवरा मनमानी करतो आणि धंदा बुडतो. गावात लोक ह्यांना हसले त्यापेक्षा मला ते जास्त लागलं. ताई, तुम्ही मला ओळखता. मी कधी गप्प बसले?

धंदा मी बंद केला.

सोसायटीतल्या बायका माझ्याशी बोलायच्या, ते बरोबर लिहिलंत. काय बोलायच्या ते नाही लिहिलं. त्या म्हणायच्या, मेथी निवडून द्या, गवार मोडून द्या, वाटाणे सोलून द्या. आधी पाच घरं, मग वीस, मग साठ. ह्यांना आनंद, ऑर्डर वाढली. निवडायला कोण? मी आणि आई. दुपारी दोनला बसायचो ते दिवेलागणीपर्यंत. आईंची बोटं हिरवी-काळी झाली होती, भाकरी थापताना आखडायची. बाई लावून बघितली, दोन दिवसांत पळाली. मी ह्यांना सांगितलं, हे आता बंद. ते एका शब्दाने नाही म्हणाले नाहीत. उलट गावात कोणी विचारलं की सांगायचे, मलाच जमलं नाही. बायकोने बंद पाडला असं कोणी म्हणू नये म्हणून.

तुम्हाला हे दिसलं नाही, कारण तुम्ही तेव्हा वरच्या खोलीत सीईटीचा अभ्यास करत होता. आईंनी मला बजावलं होतं, रूपालीला हाक मारायची नाय, तिला शिकू दे. मी पण मारली नाही. राग नव्हता तेव्हा. पण मग तुम्ही त्याच खोलीतून खाली येऊन आमच्यावर केस लिहिली.

मी मॅडमना विचारलंय. 'ताजा मळा'ची केस पुन्हा मांडायचीय, मालकाने स्वतः. त्या म्हणाल्या, मांड, पण आकड्यांनिशी. पुंजाला विचारून स्लाइड इंग्रजीत करून घेईन, बोलेन मराठीतच. संमतीपत्र मी भरलंय. सही माझी.

एक आकडा माझ्याकडे नाही, निवडायला वेळ किती लागायचा तो. आम्ही कधी घड्याळ लावून बसलो नव्हतो. म्हणून रविवारी घरी या. साठ जुड्या मेथी काढून ठेवायला ह्यांना सांगितलंय. तुम्ही एकटीने निवडायची, मी वेळ लिहिणार. आईंना हात लावू देणार नाही.

सकाळी सातला या, म्हणजे रात्रीच्या जेवणापर्यंत होईल.

मनाली